घडी विस्कटली, हे इंग्रजीत कसं लिहायचं?

मराठीत व्यवस्था मोडण्याचे प्रकार आपण नकळत वेगळे करतो. संसाराची घडी विस्कटते, बोलणाऱ्याचं ताळतंत्र सुटतं, योजनेचा बोजवारा उडतो, परीक्षांचा खेळखंडोबा होतो, साम्राज्याचा डोलारा कोसळतो. यांची अदलाबदल सहसा कोणी करत नाही. पण तोच माणूस इंग्रजीत लिहायला बसला की या सगळ्यांसाठी ‘केऑस’ हा एकच शब्द हाती घेतो. बैठकीची वेळ दोनदा बदलली तरी केऑस, देशात यादवी माजली तरी केऑस. वाचणाऱ्याला काहीतरी बिघडलं एवढंच समजतं. काय बिघडलं, कोणत्या वेगानं आणि कशामुळे, हे समजत नाही.

म्हणून वाक्य लिहिण्याआधी एक प्रश्न विचारावा: बिघडण्यापूर्वी तिथे कोणती व्यवस्था होती? एकमेकांत जुळवलेले भाग होते, माणसांची फळी होती, कोणाचा तरी ताबा होता, कायद्याचा धाक होता, की फक्त टापटीप होती? इंग्रजीतले बहुतेक वाक्प्रचार यांतल्या एखाद्याच गोष्टीशी बांधलेले असतात. उत्तर मिळालं की शब्दांची निम्मी यादी आपोआप गळते.

सगळ्यात मोठा गट जुळवलेल्या भागांचा आहे. ‘फॉल अपार्ट’ म्हणजे भाग एकमेकांपासून सुटत जाणं. ते जुनं पुस्तक असू शकतं, लग्न असू शकतं, संघ किंवा युक्तिवादही असू शकतो. शब्द बोलीतला आहे, पण वर्तमानपत्रातही खपतो. बाहेरून कोणी धक्का दिला असा अर्थ त्यात नसतो. धरून ठेवणारं जे काही होतं ते संपलं, इतकंच तो सांगतो. ‘कम अपार्ट अ‍ॅट द सीम्स’ म्हणजे शिवण उसवणं. ताण वाढल्यामुळे जोडावर तडे जात आहेत आणि अजून सगळं संपलेलं नाही, असं सांगायचं असेल तर हा उपयोगी. त्यामुळे तो बहुधा ‘इज कमिंग’ अशा चालू काळात दिसतो.

‘अनरॅव्हल’ मात्र वेगळाच. विणलेल्या कापडाचा एक धागा ओढला की बाकीचे टाके एकामागून एक सुटतात, ती क्रिया यात आहे. म्हणून जिथे एका लहानशा चुकीतून पुढची साखळी निखळत गेली तिथेच तो शोभतो: करार, बनाव, तपासात दिलेली साक्ष, युद्धबंदी. ‘द अ‍ॅग्रीमेंट अनरॅव्हल्ड’ म्हटलं की एक अट मोडली, मग दुसरी मोडली, असा क्रम वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे येतो. रस्त्यावर अचानक उडालेल्या गोंधळाला हा शब्द लावला तर तो क्रमच खोटा ठरतो.

‘क्रंबल’मध्ये वस्तू कडेकडेनं झडते. भिंत, साम्राज्य, निर्धार, पाठिंबा. ‘इरोड’ त्याहून संथ आणि न दिसणारा: विश्वास, शिस्त, अधिकार. ‘कोलॅप्स’ याच्या उलट, एकदम खाली येणं. सरकार, बाजार, वाटाघाटी, छत, थकलेला माणूस, या सगळ्यांना तो चालतो. ‘स्लोली कोलॅप्स्ड’ असं लिहिण्याची वेळ आली तर समजावं की शब्द चुकला आहे आणि ‘क्रंबल’ हवा होता. ‘डिसइंटिग्रेट’ म्हणजे तुकडे इतके बारीक होणं की मूळ वस्तू ओळखू येऊ नये. हवेत फुटलेलं यान डिसइंटिग्रेट होतं. दोन सदस्य फुटलेली समिती होत नाही.

‘ब्रेक डाउन’कडे जरा जास्त लक्ष द्यावं, कारण चुका इथेच अधिक होतात. हा चालणाऱ्या गोष्टीचा शब्द आहे. यंत्र, संवाद, वाटाघाटी, कायदा आणि सुव्यवस्था. चालू होतं ते थांबलं. क्रियापद असताना दोन शब्द सुटे लिहायचे, नाम असताना जोडून, आणि नाम उच्चारताना जोर ‘ब्रेक’वर द्यायचा. नामानंतर दोन शब्दयोगी येतात. ‘ब्रेकडाउन इन कम्युनिकेशन’ आणि ‘ब्रेकडाउन ऑफ लॉ अँड ऑर्डर’ या जोड्या पक्क्या आहेत, त्या तशाच पाठ कराव्यात. शिवाय ‘ब्रेकडाउन’चा दुसरा अर्थ खर्चाचा किंवा आकड्यांचा तपशील असा होतो. अहवालात ‘द ब्रेकडाउन ऑफ द बजेट’ लिहिलंत तर वाचणारा आकड्यांचा तक्ता शोधू लागेल. तिथे अंदाजपत्रक कोलमडलं असं म्हणायचं असेल तर क्रियापद वापरावं, तेही दुसरं.

माणसांच्या फळीसाठी ‘डिसअरे’ हा शब्द राखून ठेवावा. ‘अरे’ म्हणजे मांडणी, पूर्वी विशेषतः लढाईसाठी उभी केलेली रांग. ती मोडली की डिसअरे. त्यामुळे ज्यांनी एका ओळीत असायला हवं होतं अशांना तो नेमका बसतो: फुटलेला राजकीय पक्ष, खेळातली बचावफळी, माघार घेणारं सैन्य. विस्कटलेले कपडे आणि केस हाही त्याचा जुना अर्थ आहे. वापरताना ‘इन’ लागतो, मधे ‘अ’ येत नाही: ‘द पार्टी इज इन डिसअरे’. धक्का बाहेरून आला असेल तर ‘थ्रो’: ‘द रेझिग्नेशन थ्रू द पार्टी इन्टू डिसअरे’. फळीतून एकच माणूस फुटून वेगळं बोलला तर एवढा मोठा शब्द नको, ‘ब्रोक रँक्स’ पुरे.

ताबा सुटण्याच्या शब्दांना पायऱ्या आहेत. सगळ्यात खालची ‘गेट आउट ऑफ हँड’. पार्टी, चेष्टामस्करी, वादावादी, मुलांचा दंगा. अजून आवरता येईल असा सूर त्यात असतो. त्यावर ‘आउट ऑफ कंट्रोल’: आग, गाडी, खर्च. आणखी वर ‘स्पायरल आउट ऑफ कंट्रोल’. इथे स्पायरल हा नुसता अलंकार समजू नये. प्रत्येक फेऱ्यात बिघाड वाढतो आणि तो वाढलेला बिघाड पुढचा फेरा घडवतो, असं दाखवता येत असेल तरच तो लिहावा. महागाई वाढली म्हणून पगार वाढले, पगार वाढले म्हणून महागाई, हे स्पायरल. एकदाच झालेली दरवाढ नाही. ‘गो ऑफ द रेल्स’ हा रेल्वेतून आलेला. तो ठरलेल्या मार्गानं जाणाऱ्या गोष्टीला लावतात, म्हणजे प्रकल्पाला, चर्चेला. माणसाला लावला तर वागणं बिघडलं असा अर्थ होतो. ‘डीरेल’ला मात्र बहुतेक वेळा कर्ता लागतो: कोणीतरी किंवा कशानंतरी वाटाघाटी डीरेल केल्या.

‘गो हेवायर’ यंत्रांचा आणि यंत्रासारख्या प्रणालींचा. वाळलेल्या गवताचे भारे बांधायची तार सहज गुंतते, शिवाय तिनं कशीबशी डागडुजी करायची पद्धत होती, त्यावरून अमेरिकेत हा आला. होकायंत्र, संगणक, सिग्नल, शरीरातले हार्मोन हेवायर होतात. मोर्चा होत नाही. जमावासाठी ‘रन अमॉक’ आहे. मूळ मलय भाषेतलं: बेभान होऊन दिसेल त्याच्यावर तुटून पडणारा माणूस. आज तो सुटलेल्या मुलांनाही लावतात, पण मोकाट धावण्याचा भाव राहतोच. ‘वेंट अमॉक’ कधीमधी दिसतं, तरी ‘रॅन अमॉक’ हीच रुळलेली जोडी.

कायद्याचा धाक गेला असेल तर ‘अनार्की’ आणि ‘लॉलेसनेस’ यांत फरक करावा. अनार्कीचा मूळ ग्रीक अर्थ शासक नसणं. सत्ता चालवणारंच कोणी उरलं नाही तर अनार्की. सत्ता आहे, पण कोणी जुमानत नाही, तर लॉलेसनेस. अनार्कीतून एक अडचणही उद्भवते. ‘अनार्किझम’ ही राजकीय विचारसरणी आहे आणि तिचे पुरस्कर्ते गोंधळ मागत नाहीत, राज्यसंस्था नको म्हणतात. गंभीर लेखात दोन्ही शब्द एकाच अर्थानं वापरले तर जाणता वाचक तिथेच थांबतो. ‘अनरेस्ट’ सौम्य आहे, धुमसती अस्वस्थता. ‘रायट’ हा अनेक देशांत कायद्यात व्याख्या असलेला गुन्हा आहे, तेव्हा घोषणाबाजीला रायट म्हणू नये.

‘आउट ऑफ ऑर्डर’ हा तर सापळाच आहे. सुव्यवस्था म्हणजे ऑर्डर, ती गेली म्हणजे आउट ऑफ ऑर्डर, हा हिशेब सरळ वाटतो, पण इंग्रजीत तो तसा चालत नाही. या शब्दांना चार ठरलेली कामं आहेत: यंत्र बंद आहे, पानं क्रमानं लागलेली नाहीत, सभागृहात सदस्याचं बोलणं नियमबाह्य आहे, आणि ब्रिटिश बोलीत एखाद्याचं वागणं मर्यादेबाहेर गेलं. शहर आउट ऑफ ऑर्डर होत नाही. ‘डिसऑर्डर’ चालतो, पण तोही जपून. ‘पब्लिक डिसऑर्डर’ पोलिसी भाषेत नेहमीचा, तर नुसता ‘अ डिसऑर्डर’ म्हटला की वाचणारा आजार समजतो. तसंच ‘डिसऑर्गनाइज्ड’ म्हणजे कामात सुसूत्रता नसलेला आणि ‘अनऑर्गनाइज्ड’ म्हणजे बहुधा संघटना नसलेला. गबाळ्या सहकाऱ्याला अनऑर्गनाइज्ड म्हटल्यानं कोणाचा जीव जात नाही, पण पहिला शब्द जास्त नेमका.

आता ठसकेबाज नामं. यांचा इतिहास माहीत असला तर वापर चुकत नाही, म्हणून तो सांगायलाच हवा. ‘पँडेमोनियम’ हे नाव इंग्रज कवी मिल्टननं १६६७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पॅराडाइज लॉस्ट’ या महाकाव्यात नरकाच्या राजधानीला दिलं, जिथे सगळे सैतान जमतात. आजच्या अर्थात आरडाओरडा आणि धावपळ अपरिहार्य आहे. शांतपणे विस्कटलेल्या कागदपत्रांना पँडेमोनियम म्हणता येत नाही. ‘बेडलम’ लंडनच्या बेथलेम रुग्णालयाच्या नावाचा अपभ्रंश. संस्था १२४७ सालची, पुढे मनोरुग्णांचं रुग्णालय म्हणून ओळखली गेली. यातही कल्लोळच आहे. पण मानसिक आजाराशी जोडलेला हा उगम काही संपादकांना खटकतो, त्यामुळे आरोग्याविषयीच्या लेखात तो टाळावा. ‘मेल्टडाउन’लाही तीच काळजी. शब्द अणुभट्टीतलं इंधन वितळण्याचा, मग बाजाराला लागला, मग चिडलेल्या माणसाला. स्वमग्न व्यक्तींच्या संदर्भात मात्र त्याला ठरावीक अर्थ आहे, तिथे थट्टेत वापरू नये.

‘मेहेम’ जुन्या इंग्रजी कायद्यात एखाद्याला जायबंदी करण्याचा गुन्हा होता. आज तो सैल झालाय, तरी मोडतोड किंवा इजा यांची छटा आहे. ‘हॅवॉक’ ही मध्ययुगीन सैन्याला लुटालूट करण्याची मुभा देणारी आरोळी. म्हणून हॅवॉक म्हणजे गोंधळापेक्षा त्यातून झालेलं नुकसान. तो एकटा क्वचितच येतो. ‘रीक हॅवॉक ऑन’ किंवा ‘प्ले हॅवॉक विथ’ अशा जोडीनं येतो. वादळ किनाऱ्यावर हॅवॉक रीक करतं, अवेळी जागरण झोपेशी हॅवॉक प्ले करतं. इथे ‘रेक’ असं ऐकून ‘जहाज फुटणं’वालं क्रियापद लिहिणारे पुष्कळ आहेत. ती सरळ चूक. भूतकाळ ‘रीक्ड’. ‘रॉट हॅवॉक’ही छापील इंग्रजीत सापडतं, पण ते ‘वर्क’चं जुनं रूप आहे, ‘रीक’चं नाही.

‘शँबल्स’चा प्रवास सगळ्यांत विचित्र. आधी बाकडं, मग मांस विकायचं बाकडं, मग कत्तलखाना, मग रक्तपाताची जागा, आणि विसाव्या शतकात नुसता सावळा गोंधळ. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात खाटकांची जुनी गल्ली आजही याच नावानं आहे. शेवटी ‘स’ असला तरी ब्रिटिश वापरात तो एकवचनी: ‘द इव्हेंट वॉज अ शँबल्स’. अमेरिकेत ‘इन शँबल्स’ अधिक. दोन्ही बरोबर, पण एका लेखात एकच पद्धत ठेवावी. यात उपहास आहे, आयोजकांच्या नालायकीवर बोट आहे. भूकंपग्रस्त गावाबद्दल तो लिहिणं निर्दयपणाचं.

‘अ‍ॅट सिक्सेस अँड सेव्हन्स’ची कथा सांगायचा मोह अनेकांना होतो. लंडनच्या शिंपी आणि कातडी व्यापाऱ्यांच्या दोन संघांत मिरवणुकीतल्या सहाव्या-सातव्या क्रमांकावरून भांडण होतं आणि १४८४ साली महापौरांनी दरवर्षी अदलाबदल करायचा निवाडा दिला. निवाडा खरा आहे. पण वाक्प्रचाराचं जुनं रूप चौदाव्या शतकातल्या इंग्रजी कवितेत आधीच सापडतं, तेव्हा उगम तिथला म्हणता येत नाही. आज तो ब्रिटिश आणि जुनाट वाटतो. घर बदलताना उडालेल्या त्रेधातिरपिटीला छान. बातमीत नको.

‘फियास्को’ आणि ‘डेबॅकल’ या यादीत मी घेत नाही. ते फज्जा सांगतात, अव्यवस्था नाही. अगदी शिस्तीत पार पडलेला कार्यक्रमसुद्धा फियास्को होऊ शकतो, कोणी आलंच नाही तर.

व्याकरणाकडे वळलं तर दोन गोष्टी सतत चुकतात. पहिली ‘अ’ची. केऑस, अनार्की, पँडेमोनियम, मेहेम, हॅवॉक, डिसअरे ही मोजता न येणारी नामं, यांच्याआधी साधारणपणे ‘अ’ लागत नाही आणि अनेकवचन होत नाही. मेस, मडल यांना ‘अ’ हवाच, शँबल्सलाही, फक्त अमेरिकी ‘इन शँबल्स’ सोडून. ‘बिग केऑस’ आणि ‘व्हेरी केऑस’ हे मराठी ‘मोठा गोंधळ’, ‘खूप गोंधळ’ यांचे शब्दशः उतारे आहेत. इंग्रजीत ‘टोटल’, ‘कम्प्लीट’, ‘अटर’ लागतात. ‘व्हेरी’ वापरायचाच तर विशेषणाला: ‘व्हेरी केऑटिक’. दुसरी चूक ‘डिसरप्ट’ची. मराठीत वाहतूक विस्कळीत ‘झाली’, म्हणून ‘द ट्रॅफिक डिसरप्टेड’ लिहिलं जातं. डिसरप्टला कर्म लागतं: पावसानं वाहतूक डिसरप्ट केली, नाहीतर ‘वॉज डिसरप्टेड’. कोलॅप्स, फॉल अपार्ट, क्रंबल यांना बहुधा कर्म लागत नाही. अनरॅव्हल दोन्हीकडे चालतो.

चांगल्या स्थितीतून वाईट स्थितीत गेल्याचं सांगताना ‘इन्टू’च्या आधीचं क्रियापद बघावं. ‘डिसेंड’ पायरीपायरीनं खाली नेतं आणि पुढे केऑस, अनार्की, व्हायलन्स, फार्स अशी अमूर्त नामं घेतं. ‘डिजनरेट’मध्ये दर्जा घसरतो, म्हणून त्याच्यापुढे ‘शाउटिंग मॅच’ किंवा ‘ब्रॉल’ शोभतं: चर्चा होती, भांडण झालं. ‘स्लाइड’ संथ आणि कोणाच्या लक्षात न येणारं. ‘प्लंज’ एकदम, आणि तिथे बाहेरचं कारण सांगता येतं: वीज गेली आणि शहर अंधारात प्लंज झालं. यांच्या जोडीला ‘ग्रॅज्युअली’ किंवा ‘सडनली’ घालायची गरज पडू नये, वेग क्रियापदातच असतो.

एक वाक्य घेऊन बघू: सभेत गोंधळ झाला. लोक एकदम उठून ओरडू लागले असतील तर ‘पँडेमोनियम ब्रोक आउट’. हेच मित्राला सांगायचं असेल तर ‘ऑल हेल ब्रोक लूज’, जे बहुतेक वेळा भूतकाळातच वापरतात. वाद हळूहळू वैयक्तिक पातळीवर घसरला असेल तर ‘द मीटिंग डिजनरेटेड इन्टू अ शाउटिंग मॅच’. कार्यक्रमपत्रिका नव्हती, वक्ते उशिरा आले, ध्वनिक्षेपक बंद पडला, तर ‘द मीटिंग वॉज अ शँबल्स’. आणि इतिवृत्तात नोंदवायचं असेल तर यांपैकी काहीच नको: ‘द मीटिंग वॉज डिसरप्टेड अँड अ‍ॅडजर्न्ड’. इतिवृत्त, घटना-अहवाल, वरिष्ठांना पत्र, इथे जितका शब्द थंड तितका विश्वास जास्त. ‘केऑस’ लिहिलं की पुढचा माणूस कोणी केला हे विचारतो. ‘थ्री डिलिव्हरीज वेअर मिस्ड’ लिहिलं की कोणत्या तीन, एवढंच विचारतो.

शंका असेल तेव्हा शब्दकोशापेक्षा भाषासंग्रह उपयोगी, म्हणजे प्रत्यक्ष लिहिलेल्या-बोललेल्या मजकुरांचा शोधता येणारा साठा (कॉर्पस). ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये सुमारे दहा कोटी शब्द आहेत, पण मजकूर विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंतचा. समकालीन अमेरिकी इंग्रजीचा कोका हा संग्रह १९९० ते २०१९ पर्यंतचा आणि शंभर कोटींहून मोठा. तिथे ‘इन्टू केऑस’ शोधून डावीकडे कोणती क्रियापदं येतात ते पाहावं, मग ‘इन्टू डिसअरे’ शोधून तुलना करावी. निकाल बोलणं, कथा, वर्तमानपत्रं, संशोधनलेखन अशा विभागांत फुटून दिसतात, त्यावरून सूर कळतो. ‘गो पेअर-शेप्ड’सारखा ब्रिटिश बोलीतला प्रयोग अमेरिकी संग्रहात विरळ सापडला, तर अमेरिकी वाचकासाठी तो वगळून ‘गो राँग’ लिहावं. शोधताना क्रियापदाची सगळी रूपं घ्यावीत. फक्त ‘अनरॅव्हल’ शोधलं तर भूतकाळातली वापरं निसटतात, शिवाय त्यात ब्रिटिश स्पेलिंगला दोन ‘एल’ आणि अमेरिकीला एक, हे विसरलं तर अर्धे निकाल दिसतच नाहीत.